चाळीस अंश

गिअरचं तेल चाळीस अंशांवर मोजायचं असतं.
आमच्या कायर रोडला, मे महिन्यात,
सावलीच पंचेचाळीस.
म्हणून पहाटे साडेतीनला
मी गाडीखाली शिरले.

रेल्वेच्या जुन्या स्लीपरांवर चारी चाकं,
मागंपुढं धोंडे,
गवंड्याच्या पाणनळीनं पाहिलेली पातळी.
एवढं धूड, आणि एक सूत कललं
तरी माप खोटं.

चंद्रपूरचा शोरूमवाला म्हणाला होता,
'मॅडम, यात हात घालू नका. लाइफटाइम तेल आहे.'
कोणाची लाइफ, ते बोलला नाही.

आधी भरायचा बोल्ट सुटतो का पाहायचं,
मगच रिकामं करायचा सोडायचा.
हा नियम आधी कळता
तर घरातल्या किती गोष्टी
मी उघडल्या नसत्या.

घमेल्यात पडलं ते काळं.
अंबाडीच्या सरबतासारखं लाल असायला हवं होतं,
आणि वास जळक्या ढेपेचा.
तळाच्या लोहचुंबकावर राखाडी लगदा,
काजळाइतका मऊ.
बोटांत चोळून पाहिला. कण नाही, तुकडा नाही.
'झिजली आहे, तुटली नाही,' मी खालून ओरडले.
वरून हे काहीच बोलले नाहीत.

पुसायला धागा न सोडणारं फडकं हवं.
कापसाच्या मुलखात
बिनकापसाचं फडकं शोधण्यात दोन दिवस गेले.
शेवटी चंचलनं, माझ्या पुतणीनं,
शाळेच्या स्नेहसंमेलनातला नायलॉनचा शेला दिला.

नवी जाळी, नवं गॅस्केट,
बोल्ट आमनेसामने, थोडे थोडे.
जितकं निघालं त्याहून अर्धा लिटर जास्त भरलं.
मग गाडी सुरू, ब्रेक दाबून
हे वर दांडी फिरवतात:
पी, आर, एन, डी, आणि परत.
प्रत्येकावर पाच अंक मोजून थांबतात.
खाणीत डंपर चालवायचे तेव्हा
एका पाळीत हजारदा क्लच दाबायचा त्यांचा डावा पाय.
तो गुडघ्याखाली राजूरलाच राहिला,
आणि ही बिनक्लचची गाडी घरी आली.

'चौतीस,' चंचल फोनवर वाचते. 'सदतीस.
काकू, चाळीस झाले वो!'
मी मधला बोल्ट सोडला.
जास्तीचं तेल मनगटावरून कोपरात, कोमट.
धार बारीक झाली.
धार तुटून थेंब झाला की
बंद करायचं, त्याच क्षणी.
मी एक थेंब जास्त जाऊ दिला.

उजाडता उजाडता शिंदोल्यापर्यंत जाऊन आलो.
आधी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसायचा,
आणि त्या झटक्यासरशी
यांची डावी मांडी जराशी उचलायची,
क्लच शोधायला.
आज झटका आला नाही.
मांडी आपल्या जागी. हे वाटेकडे पाहत होते.

'कोणत्या गिअरात आहे, कळूनच नाही राह्यलं,' हे म्हणाले.
मला ते कौतुक वाटलं चुन्याच्या भट्ट्यांपर्यंत.

घमेलं अजून अंगणात आहे.
मुंग्यासुद्धा वळसा घालून जातात.