तीन ओम

एतेरीची निवा फक्त ओल्या सकाळी रुसायची,
आणि बातुमीत कोरडी सकाळ
दूरच्या मावशीसारखी,
येते येते म्हणते, येत नाही.

सेल्फ मारला की इंजिन फिरे,
खोकल्यासारखं फिरे, पेटत मात्र नसे.
मागच्या सीटवर साठ पाव,
चादरीत गुंडाळलेले, काचांवर वाफ धरत.

मी शहाणा. दोन वर्षं झालेला शिकाऊ.
चारही प्लग बदलले,
बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी
गरम पाण्याने धुतली,
खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडलेली अर्थवायर
कापून नवी घातली.
गाडीला अर्थ मिळाला,
सुरू व्हायचं कारण मिळेना.

मग कॉइल. चाळीस लारी.
"जळलीय," म्हणालो मी, न तपासता,
कारण काहीतरी म्हणायलाच हवं होतं
आणि तिच्या बोटांना पीठ होतं आणि तिला घाई होती.
रोग म्हशीला, औषध पखालीला.
दोन दिवस ऊन पडलं. गाडी पळाली.
तिसऱ्या दिवशी धुकं,
आणि शेजाऱ्याच्या ट्रकला दोरीने बांधून
फरफटत परत आली ती.

अनझोरकाकांनी हत्यार उचललं नाही.
म्हणाले, शटर ओढ.
ओढलं.
बल्ब घालव.
घालवला.
रेडिओचा हिरवा ठिपकासुद्धा
त्यांनी चिंधीने झाकला.
"एतेरी, आता मार."

आणि काळोखात, डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावर
एक निळा कोळी धावला,
मधल्या वायरपासून केसाएवढ्या वाटेने
खालच्या क्लिपपर्यंत,
प्लगकडे जायचं सोडून
जवळच्या लोखंडाला भेटायला.
टिक. टिक. टिक.
"वीज आळशी," काका म्हणाले,
"जवळची वाट दिसली की कामावर जात नाही."
आम्ही बघतच राहिलो.
बॅटरी उतरत होती, कुणी थांब म्हणेना.

उजेडात झाकण साधंच. तपकिरी, तेलकट.
तडा दिसायला भिंग लागलं.
नवं कुताइसीहून सोमवारी येणार,
पाव सोमवारपर्यंत थांबत नाहीत.
काकांनी ब्लेडने काजळी खरवडली,
स्पिरिटने पुसली, हात पुढे केला:
"नेलपॉलिश आहे?"
पर्समधून निघाली. लाल, अर्धी सुकलेली.
"भाचीच्या लग्नातली," एतेरी म्हणाली,
कुणी विचारलं नव्हतं.
दोन हात दिले. वाळेपर्यंत कुणी बोललं नाही.

पहिल्याच फटक्यात पेटली.

ती गेल्यावर काकांनी भंगाराच्या डब्यातून
तिची जुनी कॉइल काढली,
मीटरच्या सुया माझ्याच हातात दिल्या.
काटा हलला, स्थिरावला.
"किती?"
"तीन ओम."
"किती हवेत?"
मी काट्याकडे बघत राहिलो.
"तीन."
मग ते पुढच्या गाडीखाली शिरले.

संध्याकाळी बेकरीत गेलो,
सांगायचं ठरवून. भट्टीचा उजेड तोंडावर.
"दोन पाव," एवढंच जमलं.
चाळीस लारी ठेवल्या आणि निघालो.
मागून हाक आली, "बेसो, सुटे राहिले!"

जवळची वाट समोरच होती,
उताराची, अंधारी.
मी वळलो.