चौथा खांब

तळाला दुकानं, त्यावर कचेऱ्या,
नवव्यापासून घरं, आणि पार वरती
एक हॉटेल, ज्याच्या खिडकीतून रंकाळा
खिशातून पडलेल्या नाण्याएवढा दिसणार होता.
अठ्ठावीस मजले, व्हीनस कॉर्नरच्या पाठीमागे.
मी तिथं मापं लिहायला : सळई, रेती, हजेरी.

केतकी इंगवलेंनी ड्रॉइंगमध्ये
माथ्यावर अर्धीच कमान काढली,
राजवाड्यातून उचलून आणताना वाटेत मोडल्यासारखी.
शेजारी गुळाच्या ढेपेसारखा घुमट, तोही कलता.
म्हणायच्या, जुन्याची थट्टा करावी,
पण घरच्या माणसाची करतो तशी.
दारात चार खांब. तीन आरसीसीचे.
चौथ्याच्या डोक्यावर छतच नाही,
वीतभर मोकळी हवा.

त्याचं ड्रॉइंग उद्यमनगरात गेलं,
दस्तगीर शिकलगारकडे. पंपांचे, पुलींचे
लाकडी नमुने करण्यात त्याचा जन्म गेलेला.
कागद त्यानं उलटा धरला, मग सुलटा.
"बाई, ह्यो उचलतो काय?"
"काही नाही."
"कायच न्हाई?"
"नुसता उभा राहतो."
"म्हंजे आमच्या मेव्हण्यागत," म्हणाला,
आणि सागवान निवडायला उठला.

बाईंचा हट्ट, म्हणून तो सगळ्यांत आधी उभा राहिला.
ओतीव ॲल्युमिनियम, आतून पोकळ.
जेवणाच्या सुट्टीत पोरं त्यावर हलगी वाजवायची.
माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.
भार : शून्य, असं लिहून
मी खाली दोन रेघा ओढल्या.

सातवा स्लॅब पडला त्या जुलैत
पंचगंगा शाहूपुरीत आली.
बेसमेंट गेलं. सहाशे पोती सिमेंटचा दगड झाला.
क्रेनवाला दोन रात्री वरच,
चुरमुऱ्यांवर.
पाणी ओसरलं तेव्हा चौथ्या खांबावर
गाळाची रेघ होती,
माझ्या छातीला, दस्तगीरच्या हनुवटीला.

मी पुसायला फडकं काढलं,
बाईंनी मला चहाला पाठवलं.
परत आलो तर पोत्यावर बसून
नवं ड्रॉइंग चाललेलं :
बेसमेंट रद्द, दुकानं एक मजला वर,
तळ मोकळा, पाण्याला यायला-जायला.
"पातळी कुठून धरायची?" मी विचारलं,
आणि विचारता विचारताच
टेप घेऊन त्या खांबाशी गेलो.

"मेव्हण्याला कामधंदा लागला म्हणायचा,"
दस्तगीर म्हणाला,
आणि टेपचं दुसरं टोक धरायला
चिखलात उतरला.