साडेतीन फेरे

पहाटे चारला तांडापेठेत
बाबा रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलतात,
लांब चावी आत सोडतात,
साडेतीन फेरे. चौथा दिला
तर गोळीबार चौकाकडचे नळ कोरडे.

तीस वर्षं वाकून गुडघे गेले.
गोळ्या मीच आणायची,
दिवसाला दोन. मे लागला तशा तीन.

मेडिकलच्या ओपीडीत
डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला:
एकशे ऐंशी, एकशे दहा.
क्रिएटिनिनचा रिपोर्ट पालथा घालून
मागे पेनानं मूत्रपिंड काढलं,
त्यात शिरणारी बारीक नळी.
"सत्तेचाळीस डिग्रीत अंगातलं पाणी आटलं
की शरीर सगळीकडच्या वाहिन्या आवळतं.
इथे मात्र प्रोस्टाग्लॅन्डिन
जागच्या जागी तयार होतं,
नळी उघडी ठेवतं.
गुडघ्यात ठणका वाढवणारंही तेच.
गोळीला दोन्ही सारखेच."

फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला
हेच मी लिहिलं होतं, आकृतीसकट.
पाचपैकी चार.

बाबा चित्र न्याहाळत बसले.
"म्हंजे आतल्या व्हॉल्व्हमनलेच
आपन सुट्टी देल्ली," ते म्हणाले.
"अन् किडनी वर फोन करून रायली,
पानी नाई येत, प्रेशर वाढवा."
मग माझ्याकडे न बघता
कागदाची चार घड्यांची पुडी केली,
खिशात ठेवली.

आज गोळी नाही.
रात्रभर त्यांचा गुडघा, माझी कूस.
चारला चावी मी धरते,
ते कट्ट्यावर बसून मोजतात.
तिसऱ्यानंतर हात वर करतात:
अर्धाच.