दारामागची उंची

वर्गाच्या दारामागं
खिळ्यानं कोरलेल्या रेघा आहेत.
जूनमध्ये पोरं पाठ टेकून उभी राहतात,
मी डोक्यावर पट्टी धरते,
बाबालाल शिपाई खिळा ओढतो.
अल्फिया मुजावर, चार फूट एक.
रेवण, तीन अकरा,
टाचा उचलल्या होत्या, म्हणून एक इंच वजा.

सगळ्यांच्या वर एक रेघ आहे,
ती आम्ही मारली नाही.
पाच फूट आठ.
तपकिरी, पाणसळ लावल्यासारखी सरळ.
पाण्याला पाणसळ कशाला!

पंचायतीनं रंगारी पाठवला.
दोन हात मारतो, दिसणारसुद्धा नाही, म्हणाला.
मी म्हटलं, भिंत रंगव, रेघ सोड.
त्यानं माझ्याकडं असं बघितलं
जसं मी जळमटं राखायला सांगत होते.

मग त्या रेघेच्या धाकानं शाळा हलली.
तांदळाची निळी पिंपं माळ्यावर गेली.
जनरल रजिस्टर पत्र्याच्या पेटीत,
पेटी तुळईला टांगलेली;
गावातल्या चार पिढ्यांच्या जन्मतारखा
आमच्या डोक्यावर झुलत असतात.
कपाटांचे खालचे दोन कप्पे रिकामे,
मधल्या सुट्टीत तिथं पहिलीतली पोरं लपतात.
वायरमननं बटणं सहा फुटांवर नेली.
आता पंखा लावायला सातवीतलं उंच पोरगं लागतं,
ते गैरहजर असलं तर वेताची छडी.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
तिला धड काम मिळालं.

ऑगस्टात प्रार्थना झाली की
एकजण मोबाइल बघून आयर्विन पुलाची पातळी वाचतो.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
हे पाढ्यांच्या आधी पाठ होतं.
छत्तीस म्हटलं की पोरं हुश्श करतात,
अडतीस म्हटलं की
मागच्या बाकावर कुणीतरी दप्तर भरायला लागतं.

त्या वर्षी आम्ही गच्चीवर होतो,
तीस माणसं, अकरा शेळ्या, एक बाळंतीण.
चारी बाजूंना पाणी,
प्यायला एक कळशी.
पाणी ओसरल्यावर चिखल तुडवत पहिला टँकर आला.
ड्रायव्हर म्हणाला, बाई, ह्यो मे महिन्यात जतला असतो.
नळी सोडून तो जरा वेळ
आमच्या नदीकडं बघत राहिला,
मग खाली थुंकला.

गेल्या पौषात जतकडची एक शाळा
आमच्याकडं सहलीला आली.
नदी बघायला.
घाटाच्या पायरीवर बसून त्यांनी
वाटाण्याची उसळ खाल्ली,
डबे नदीत धुवू का, असं विचारून धुतले.
मग अल्फियानं त्यांना रेघ दाखवली,
मार्कशीट दाखवावी तशी.
चौथीतल्या महांतेशनं हात वर केला,
हात पोचला नाही.
‘खरंच हितवर पाणी?’
‘हो.’
तो गप्प झाला. बोटांवर काहीतरी मोजलं.
‘मग तुमी ते ठिवलं कुठं?’

बाबालाल हसला.
मग हसायचा थांबला.

तालुक्याचा तक्ता भरून द्यायचा होता,
हवामान बदल व शाळेची तयारी.
रकाना सात: केलेल्या उपाययोजना, एका ओळीत.
बटणं, पिंपं, पेटी.
रकाना आठ: सूचना.
मी महांतेशचा प्रश्न लिहिला, जसाच्या तसा,
‘ठिवलं’सकट.
तक्ता परत आला.
लाल शाईत शेरा होता:
माहिती विसंगत.

जाता जाता त्याचीही उंची घेतली होती.
तीन फूट नऊ.
रेवणच्या खाली ती रेघ अजून पांढरी आहे.
त्याच्यात आणि पुरात अंतर किती,
अल्फियानं फळ्यावर वजाबाकी मांडली.
आठातून नऊ जात नाहीत.
शेजारच्या घरातून एक फूट उसना घ्यावा लागतो,
त्याचे बारा इंच होतात.
एक फूट अकरा इंच.
बरोबर, मी म्हटलं.
ती खडू धरून तशीच उभी होती.
‘बाई, उसना घेतलेला परत कधी द्यायचा?’