पत्रा

उम्म अल-कुवैनच्या खाडीकाठी, हमरस्त्याच्या अलीकडं,
तारेच्या कुंपणात एक उजाड टेकाड आहे.
रात्री आठ ते सकाळी आठ ते माझं.
सतरा वर्षं फौजेत होतो, नऊ वर्षं इथं.
टेकाड अजून एकदाही पळून गेलेलं नाही.

दिवसा मार्टाबाई उकरतात.
दाढीच्या ब्रशाएवढा ब्रश,
आणि वाळूचा पदर इतका हळू सारतात
की वाळूलाच लाज वाटावी.
परवा निळी काच निघाली, नखाएवढी.
मग नाणं. त्यावर एक नाकाड्या माणूस, डोक्यावर पानांची चुंबळ.
राजा का, मी विचारलं.
"त्या गावात राजा ही शिवी होती," बाई म्हणाल्या,
"म्हणून त्यांनी शब्द तेवढा बदलला."
(तिचं इंग्रजी, माझं हिंदी, मधे चार हात. तरी हसू एकदमच आलं.)
खल्फान साहेब वहीत नाण्याचं वजन लिहीत होता.

चहा उकळत होता.
म्हटलं, बाई, त्याचं राहू द्या, शिपायाचं सांगा.
पगार किती? कापून हातात किती?
रजा कोण देई?

तर वर्षाला तीन हप्ते.
त्यातून भाकरी वजा,
बूट वजा,
गवताची गादी वजा,
आणि मेल्यावर पुरायचा खर्च, तोही जिवंतपणीच वजा.
जमादाराच्या हातात द्राक्षवेलाची काठी
(आमच्या सुभेदाराची बांबूची होती).
रजा हवी, तर त्याच जमादाराचा हात ओला करायचा.
लग्नाला बंदी.
बायको असायचीच. छावणीच्या भिंतीबाहेर, झोपड्यांत,
कागदावर नसलेली.

फॅमिली व्हिसाला जेवढा पगार लागतो तेवढा माझा नाही,
हे मी बाईंना सांगितलं नाही.
साखर ढवळत राहिलो, विरघळल्यावरसुद्धा.

"सगळे शिपाई त्याच गावचे?"
"छे! सीरियाचे, थ्रेसचे, कुठकुठले.
राज्य जेवढं लांब, माणसं तेवढ्या लांबची."
हे मला समजावून सांगायची गरज नव्हती.
माझ्या खोलीत वरच्या पलंगावर सिल्हेटचा रुहुल,
समोर स्वातचा गुल जमीन, दाराशी एक नेपाळी,
जो झोपेत गुरं हाकतो.

मग तिनं पत्र्याचं सांगितलं.
परमुलखातला शिपाई पंचवीस वर्षं उभा राहिला
की त्याला काशाचा पत्रा मिळे.
दोन पानं, तारेनं जखडलेली, सात साक्षीदारांच्या मोहरा.
त्यात कोरलेलं: हा आता आमचा.
बायको ती बायको.
पोरं ती पोरं.

मी बराच वेळ काही बोललो नाही.
मग विचारलं, "फौज आली होती इथं?"
"इथं नाही. इथवर फक्त नाणं आलं, कुणा व्यापाऱ्याच्या कमरेला."

म्हणजे फौज पोचत नाही तिथं पैसा पोचतो.
आमच्या घरीही तसंच. दर महिन्याच्या सहा तारखेला
मी पोचतो, आकड्यात.
शेवंता सही करते.

रात्री खाडीवरून खारा वारा सुटतो.
खिशातून कार्ड काढतो, टॉर्चखाली धरतो.
त्यांच्या नाण्यावर मालकाचं तोंड,
या कार्डावर माझं.
एवढी सुधारणा झाली खरी.
मुदत दोन वर्षं.

आणि मग, दोनच्या फेरीला,
चाळून टाकलेल्या मातीच्या ढिगाशी मी उकिडवा बसतो.
बाई म्हणाल्या होत्या, पत्रा इथं निघायचा नाही.
ठाऊक आहे.
तरी बोटं घालतो.
कालवाचा शिंपला निघाला. एक खापरीचा कान. एक मुंगळा, चिडलेला.
सगळं होतं तिथं ठेवलं,
हात झटकले,
वहीत लिहिलं:
दोन वाजून दहा मिनिटं. कुंपण शाबूत.
काही गेलं नाही.
काही आलं नाही.