काटा नंबर तीन

रात्रीचे पावणेतीन. गुलटेकडी.
मार्केट यार्डात डाळिंबाचे नऊ टेम्पो रांगेत,
आणि इस्माईल बागवान केबिनच्या दारात
तंबाखू मळत सांगतात,
"वजन दिसतंय, बाई. पण हापिसात जात न्हाई.
पावती निघंना."

केबल काढली, बसवली. खट्.
हिरवा दिवा डोळा मिचकावतोय,
म्हणजे तार जिवंत.
स्विचचं भोक बदललं. तेच.
पडद्यावर चालू असलेलं एकच नाव: लो.
आपणच आपल्याला हाक मारायची,
आपणच ओ द्यायची,
आणि एकही हाक वाया जात नाही.
अशी माणसं मी पाहिली आहेत.

मंगळवारी विजेच्या झटक्यात मदरबोर्ड जळला होता.
तापकीर गल्लीतून दुसरा आणला,
डिस्क मात्र जुनीच ठेवली.

बंद पडलेलेसुद्धा दाखव, म्हटलं.
तेव्हा कोपऱ्यातून पुढे आलं एक अनोळखी नाव,
ई-एन-पी-थ्री-एस-झीरो.
आणि नोंदींच्या ढिगात, खूप खाली, एक ओळ:
आधीचं नाव ईथ-झीरो. बदललं.
कारण नाही दिलेलं.

तसं हे नाव कुणी हौसेनं ठेवत नाही.
तिसरी बस, शून्य नंबरची खाच,
तिथं राहतो तो.
आपल्याकडे मारुतीचं तेच की.
शेजारी जिलब्या तळायचे म्हणे, म्हणून जिलब्या मारुती.
आता कढई शोधून दाखवा.

फाइल मात्र इमानी.
मशीन उठलं की ती ईथ-झीरोलाच हाका मारते,
त्याच्यासाठी राखलेला पत्ता हातात धरून,
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, पुढचे दोन आकडे.
इथं त्या नावाचं आता कुणी नाही,
हे तिला कोण सांगणार?

माझ्या दारातही एका जुन्या आडनावाने
बँकेची पाकिटं येतात.
मी उघडत नाही. फाडतही नाही.

दोन ठिकाणी नाव बदललं.
दुसऱ्या ठिकाणी घाईत थ्रीचा टू झाला,
पुन्हा सगळं मुकं,
आणि मागून तिसऱ्या टेम्पोचा लांबलचक हॉर्न.
सुधारलं. सेवा पुन्हा सुरू केली. हापिसाला हाक दिली.

चौसष्ट बाइट्स.
चौसष्ट बाइट्स.
चौसष्ट बाइट्स.

प्रिंटर खाकरला. अकराशे चाळीस किलो.
पहिला टेम्पो काट्यावरून उतरला
तेव्हा लोखंडी पत्र्यासकट माझी खुर्ची हलली.

"काय बिघडलं होतं?"
"काही नाही, चाचा. सगळं धड होतं.
हाक चुकत होती."
त्यांनी मान डोलावली, कळल्यासारखी,
चहा सांगितला,
आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वहीत
मला न विचारता लिहिलं,
कॉम्प्युटरवाली बाई, काटा नं. तीन.

मी वाचलं.
आणि खाली सही केली.