चौदा रकाने

आमच्या फॉर्मवर चौदा रकाने होते.
नाव, गाव, आधार क्रमांक,
यापूर्वी मदत मिळाली आहे का, होय किंवा नाही.
कसाऱ्याचा घाट पायी चढून आलेली माणसं
सातव्या रकान्यापर्यंत उभी राहत नव्हती.

विल्होळीला, बंद पंक्चरच्या दुकानापुढे
नफीसाबी टायरवर परात ठेवून
खिचडी वाढत होती.
गांगुर्ड्यांचा पोरगा द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटमधून
जुन्या चपला आणायचा, भद्रकालीत दारोदार मागून.
डावी-उजवी जुळवायला वेळ कुणाला?
एक बाई दोन्ही डाव्याच घालून
मालेगावच्या दिशेनं गेली.

पाचव्या दिवशी तांदूळ संपला.
आमचा ट्रक पाथर्डी फाट्याला उभा,
सही व्हायची होती.
ती म्हणाली, "साहेब, तुमचे रकाने मी भरते.
पोती तेवढी इकडं उतरवा."
मी वरिष्ठांना फोन लावला.
त्यांनी पुण्याला.

सहाव्या दिवशी पोती उतरली,
हेही लिहायला हवं.

जूनमध्ये अहवाल मागितला.
तिच्या शटरवर खडूच्या रेघा होत्या,
पाच-पाचाच्या जुड्या,
खालपासून हात पुरेल तिथवर.
मी उन्हात उभ्यानं मोजल्या.
लाभार्थी : चार हजार एकशे साठ.
'माहितीचा स्रोत' हा रकाना
मोकळा सोडला.
कुणी विचारलं नाही.

आता शटरला निळा रंग दिलाय.
परवा हवा भरायला थांबलो.
तिनं ओळखलं असावं.
दहाची नोट घेतली,
पाच रुपये परत दिले, मोजून.